आधी सांगते, मग किल्ली

प्रिय घाईबाई,

हे नाव मीच तुला ठेवलं, आणि आज ते लिहिताना पहिल्यांदाच हात अडखळला. का, ते पुढे येईलच. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरली असशील, तर आधी सांगते की गुडघे सोडून मी ठणठणीत आहे. एका जुन्या गावात, नदीकाठच्या नऊ खोल्यांच्या हॉटेलात बसले आहे. जिना लाकडी, आणि जिन्याच्या भिंतीवर गावाची जुनी चित्रं, एकजात सगळी तिरकी. तू असतीस तर सामान टाकायच्या आधी सगळ्या फ्रेमा सरळ केल्या असत्यास. मी येता-जाता एकेक करते, पण माझा डोळा तुझ्यासारखा नाही. दुकान बरं चाललंय ना? मागच्या वर्षी फोनवर आपण नुसत्या तब्येतीच्या गप्पा मारल्या, दुकानाचं विचारायचं राहूनच गेलं.

माझा लेक पुन्हा लग्न करतोय, हे तुझ्या कानावर गेलं असेलच. पाच आठवडे राहिलेत. लग्न इथेच, या हॉटेलच्या नदीकडच्या अंगणात करायचं ठरतंय, म्हणून जागा बघायला आम्ही तिघं चार दिवसांसाठी आलोय. तो, ती आणि मी. मुलगी दातांची डॉक्टर आहे. अखंड बोलते. मला म्हणाली, काकू, माझ्यासमोर दिवसभर तोंड उघडून बसलेली माणसं असतात, त्यांना उत्तर देता येत नाही, त्यामुळे एकटीने बोलायची मला सवय आहे. मी खूप हसले. मग खोलीत येऊन बसले आणि हसू कुठल्या कुठे गेलं. तेव्हापासून पायाला भिंगरी लागली आहे. बाल्कनीत जाते, परत येते, खुर्ची हलवते, नदी वाहतेच आहे ते ऐकते. हे पत्रसुद्धा चौथ्यांदा उठून पुन्हा लिहायला घेतलंय.

झालं असं. हॉटेलची मालकीण साठीची, तोंडाने फटकळ. तळमजल्याची किल्ली माझ्या हातात द्यायच्या आधी म्हणाली, या खोलीत ओल आहे, नदी चढली की पाणीही येतं. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं त्याच्या खुणा दाखवल्या, त्या-त्या वर्षाचा आकडा घालून रंगवलेल्या. म्हणाली, मी आधी सांगते, मग किल्ली देते. नंतर कळलं तर ती माझी लबाडी. हे ऐकताच आमची डॉक्टरीण पटकन बोलून गेली की काकूंना ओलीत नको, बाल्कनीची खोली काकूंना द्या, खालची त्याला चालेल. बाल्कनीची खोली त्याने स्वतःसाठी घेतली होती. तो हसला. माझी बॅग स्वतः वर आणून दिली. आणि त्या क्षणापासून तो तिच्याशी बोललेला नाही. आज तिसरा दिवस. मालकिणीशी बोलतो, होडीवाल्याशी बोलतो, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतो, फक्त तिच्यापुढे तोंडात मिठाची गुळणी. तुला हे सगळं पाठ आहे, तुला काय सांगायचं.

आज सकाळी नाश्त्याला आम्ही एकाच टेबलावर होतो. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर. तो मला म्हणाला, आई, तिला सांग, साडेनऊला अंगणाची मापं घ्यायला जायचंय. आणि घाईबाई, माझी मान आपोआप तिच्याकडे वळली. माझ्या तोंडून निघूनही गेलं, साडेनऊला जायचंय गं. ती आधी हसली, तिला गंमत वाटली. मग तिने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि चमचा खाली ठेवला.

ही सवय मला आजची नाही. तुझे सासरे बोलणं टाकायचे तेव्हा हा पाच वर्षांचा होता. एकदा तर शाळेला सुट्टी लागली तेव्हा टाकलेलं बोलणं शाळा उघडल्यावर सुरू झालं. तोवर हा दोन खोल्यांमध्ये धावायचा. बाबांना सांग, पान वाढलंय. आईला सांग, भूक नाही. मी त्याला माझा छोटा पोस्टमन म्हणायचे आणि आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचे. मुलाला वाटलं असणार, घर असंच चालतं. नवरा तर मला मिळालेला होता, पण मुलगा मी घडवला, त्याचा दोष कुणाच्या गळ्यात बांधू? मोठा झाल्यावर त्याने बोलणं टाकायला घेतलं आणि पोस्टमनचं काम माझ्याकडे आलं.

तुझे बाबा दवाखान्यात होते आणि तू त्याला न विचारता दोन दिवस जास्त राहिलीस, एवढंच निमित्त. तू परत आलीस ते बंद तोंडासमोर. फोन आला तो तेविसावा दिवस होता. तू स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, आई, त्याला सांगा, माझे बाबा गेले. आणि मी गेले. ओट्यापासून त्याच्या टेबलापर्यंत अकरा पावलं. त्याने मान वर न करता म्हटलं, तिला सांग, गाडी काढतो. मी अकरा पावलं परत आले आणि तुला तेही सांगितलं. त्या दिवशी मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. तेवढं धाडस नव्हतं, तर निदान तुला जवळ घ्यायला हवं होतं. मी निरोप पोचवला आणि भाजीखालचा गॅस बारीक केला.

नंतर तू घर सोडून गेलीस आणि लोक विचारायला लागले. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी सगळ्यांना सांगितलं की पोरीला भारी घाई, थोडं थांबली असती तर संसार टिकला असता. मी लाडाने ठेवलेलं नाव मीच तुझ्यावर उलटवलं. सहा वर्षं थांबलेल्या बाईला मी घाईची म्हटलं. या होणाऱ्या सुनेलाही चार महिन्यांपूर्वी मी तेच सांगितलं होतं.

आज दुपारी नदीच्या पायऱ्यांवर ती माझ्याशेजारी येऊन बसली. तिने एकच विचारलं, काकू, हे किती दिवस चालतं? मला उडवून लावता आलं असतं. पण त्या मालकिणीचं वाक्य सकाळपासून डोक्यातून जाईना. मी तेवीस म्हटलं, आणि मग सगळंच सांगितलं. अकरा पावलंसुद्धा.

हे लिहितानाच दारावर टकटक झाली. तो होता. आई, तिला सांग, जेवायला बाहेर जाऊ. तिची खोली माझ्या खोलीच्या आधी लागते. तिच्या दारावरून पुढे येऊन त्याने माझं दार वाजवलं होतं. मी म्हटलं, तूच सांग. तो बघतच राहिला, जणू मी परकी भाषा बोलले. मग गेला. त्याची पावलं मी कान देऊन ऐकली. तिच्या दाराशी थांबली नाहीत, जिना उतरून गेली. आता पोस्टाच्या पेटीत हे पत्र टाकून येताना त्याला सांगणार आहे की मी तिला सगळं सांगितलंय. तो माझ्याशी बोलणं टाकणार, हे मला माहीत आहे. घरात आम्ही दोघंच आहोत, मध्ये निरोप न्यायला कुणी नाही. तरी सांगणार.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहिते. ती म्हणाली, काकू, तुम्ही त्याची आई आहात, तुम्ही वाढवून तरी सांगाल किंवा सौम्य करून तरी. ज्यांनी सोसलं त्यांच्याशी मला बोलता येईल का? मी तुझा नंबर दिलेला नाही. तुला न विचारता तुझ्याबद्दल पुष्कळ बोलून झालंय माझं, आता एवढं तरी विचारून. नाही म्हणालीस तर मी राग धरणार नाही, तो हक्क मला नाही. हो म्हणालीस तर माझी लाज राखू नकोस. तेवीस दिवस तेवीसच सांग. तो काय म्हणाला ते सांग, आणि ती अकरा पावलं कोण चाललं तेही सांग. लग्न करायचं की नाही ते मग ती बघेल. किल्ली घ्यायच्या आधी भिंत तरी तिने बघितलेली असेल.

तुझीच,
काय म्हणून सही करू, कळत नाही. तू आई म्हणायचीस.