त्या जागी माझे नाव

३ नोव्हेंबर, पिंप्राळा, जळगाव

घर घेतलं एकदाचं. दोन खोल्या, मोरी, पुढे ओटा आणि लोखंडी फाटक. धुळ्याच्या कॉलेजात तीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, आता घरमालक झालो. हेमांगी म्हणते, राहायचं धुळ्यात आणि घर घ्यायचं जळगावात, ही कुठली हौस. बायको असंच बोलणार. आठ दिवसांत रंग देतो, भाडेकरू बसवतो आणि तिच्या हातची कळण्याची भाकरी खायला घरी जातो.

घराच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' रकान्यात एक नाव आहे: झुंबरबाई, हयातीपर्यंत राहील. जुन्या मालकाची आत्या. ती दोन वर्षांपूर्वीच वारली, असं एजंट हिलालभाऊ म्हणाले. नाव काढायचा अर्ज मीच लिहून दिला. वकील कशाला, अक्षर माझं चांगलं आहे.

७ नोव्हेंबर

रंग झाला. एक शिक्षक जोडपं घर बघून गेलं, त्यांना आवडलंय. शेजारच्या शेवंताबाई पाणी भरता भरता सांगत होत्या की झुंबरबाईला पिंपळनेरला लेकीकडे जायचं होतं. दरवेळी पिशवी भरून निघायची आणि परत यायची. त्या बाईले घर सोडे ना, भाऊ, असं त्या म्हणाल्या. मला हसू आलं. बाई घर सोडेना, असं म्हणायचं असेल त्यांना.

११ नोव्हेंबर

नवा उतारा आणला. झुंबरबाईचं नाव गेलं, पण त्याच रकान्यात माझं आलं: योगेंद्र, हयातीपर्यंत राहील. कारकुनाला विचारलं, तर त्याने माझाच अर्ज पुढे केला. 'मयताचे नाव कमी करून त्या जागी माझे नाव लावावे.' सगळे असंच लिहितात, मीही लिहिलं. मालक म्हणून वरच्या रकान्यात नाव लावून घ्यायचं सोडून मी स्वतःला बाईच्या जागी बसवलं होतं. दुरुस्तीचा अर्ज द्या आबा, त्यात काय, असं तो म्हणाला. हेमांगीला फोनवर सांगितलं, ती पोट धरून हसली. उद्या दुपारच्या बसने घरी जातोय.

१२ नोव्हेंबर

गेलो नाही. रिक्षा वळणापर्यंत गेली आणि मी ओट्यावर होतो, पिशवी हातात. दुसरी केली, तेच झालं. मग पायी निघालो, भर दुपारी, तीनदा. फाटकाबाहेर दहा पावलं टाकली की समोर माझंच दार. शेवंताबाई भिंतीपलीकडून बघत होत्या. मला भीती वाटतेय.

१५ नोव्हेंबर

दुरुस्तीसाठी कार्यालयात जावं लागतं. कसा जाऊ? शेवंताबाई ओट्यावर भाकरी ठेवतात. झुंबरबाईलाही ठेवायच्या म्हणे. त्या बरोबर बोलल्या होत्या. बाईला घरच सोडत नव्हतं.

१८ नोव्हेंबर

हेमांगीला सगळं सांगितलं. तिला वाटलं मला ताप आहे. मग मी रडलो. अर्ज मी देते, तुम्ही काळजी करू नका, म्हणाली. शब्द काय लिहायचे ते सांगणार तेवढ्यात फोन —

२१

फोन लागत नाही. ती हिलालभाऊंना विचारेल. ते सांगतील तेच, सगळे लिहितात तेच, 'त्या जागी माझे नाव' —

२४

आली. हसत. म्हणाली, तुमचं नाव कमी झालं, हा घ्या उतारा, चहा घेऊ आणि निघू. आत गेली. मी कागद वाचला. हेमांगी, हयाती —

मी रिक्षात आहे. कधी बसलो — ती फाटकाशी उभी होती, हाक मारत होती. परत फिरवायला सांगितली. फिरवली. वळण घेतलं की बसस्टँड. पुन्हा फिरवली. बसस्टँड. आता पायी — पिंप्राळ्याचा रस्ता विचारतोय, लोक दाखवतात, चालतो, आणि समोर धुळ्याची गाडी. तिला भाकरी तरी कोणी — हेमांगी, मी येतोय, मी ये —