'आवाज' नावाचं फोल्डर

४ मार्च, सोमवार

दवाखान्याच्या मशीनला नवी डिस्क आली एकदाची! डॉक्टरांच्या मागे लागून लागून माझ्या जिभेला फोड यायचे बाकी होते. काळा डबा. जुन्या डिस्कशेजारी ठेवला तर अगदी जुळी भावंडं. मीच गोंधळेन म्हणून जुनीवर पट्टी चिकटवली.

जुनीत आधीच्या पेशंटांचे आवाज आहेत. त्यातली बरीच माणसं आता नाहीत. आमच्या सासूबाईही तिच्यातच आहेत. वाचा हळूहळू जाणार हे कळल्यावर सगळी वाक्यं नेटानं रेकॉर्ड करून ठेवली, आणि बोलणारं यंत्र हातात यायच्या आधी हृदयानंच दगा दिला. त्या फाइली कुणी उघडल्या नाहीत. नवरा म्हणतो पुसू नको. म्हणतो ऐकवूही नको. मग मी करू काय, लोणचं घालू?

नवी डिस्क 'आवाज' नावाच्या फोल्डरवर माउंट केली, म्हणजे चढवली. नणंदेनं काल विचारलं होतं, म्हणजे काय करतेस गं तू दिवसभर? मी म्हटलं, फोल्डर म्हणजे रिकामा कोनाडा. डिस्क म्हणजे पेटी. पेटी कोनाड्यात ठेवली की कोनाड्यात जे दिसतं ते पेटीतलं. "आणि कोनाड्यात आधीच काही असलं तर?" — तर ते पेटीमागे झाकलं जातं. कुठे जात नाही, पण दिसतही नाही. "म्हणजे आपल्या घरासारखंच की!" काय जीभ आहे बाईची!

कुठली डिस्क कुठे चढवायची त्या यादीत घाईत 'सी' लिहिलं. खरं म्हणजे डिस्कचा स्वतःचा कायमचा नंबर लिहायचा असतो. ए, बी, सी ही अक्षरं काय, मशीन चालू होताना ज्या क्रमानं डिस्का सापडतील त्या क्रमानं वाटतं. आज सी, उद्या बी. माहीत आहे मला! नंबर उद्या घालते. शिवाय लिहिलं — डिस्क सापडली नाही तरी अडून बसू नकोस, चालू हो. सकाळी पेशंट खोळंबायला नकोत.

७ मार्च, गुरुवार

रंगारी येऊन गेले. मशीनचं टेबल भिंतीपासून ओढलेलं, वायरी काढलेल्या. मी पोचेपर्यंत सगळं परत जागेवर. "जसं होतं तस्सं लावलंय मॅडम, काळजीच सोडा." मशीन चालू होतं. रंगाच्या वासानं डोकं उठलं, म्हणून पळाले. तो नंबर राहिलाच.

११ मार्च, सोमवार

भोंग्याचं रेकॉर्डिंग सुरू झालं.

भोंगा म्हणजे नणंद. नवऱ्याची थोरली बहीण. तोंडावर ताई, या पानावर भोंगा. ही बाई स्वयंपाकघरात शिंकली तर जिन्यावरचा माणूस दचकतो. लग्न होऊन आले तेव्हापासून तिच्या आवाजानं माझे कान किटले. आणि आता घशात गाठ. पंचवीस तारखेला स्वरयंत्रच काढणार. श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून. आवाज — बंद. कायमचा.

म्हणून आधी इथे ठरलेली वाक्यं वाचून घ्यायची, सगळ्या पेशंटांना तीच. त्यावरून प्रोग्राम तिचा आवाज बांधणार, मग ती टाइप करेल ते यंत्र तिच्या आवाजात बोलेल. हे सगळं ज्या मशीनवर राहणार ते सांभाळणारी मी. काय दैव! जो आवाज बंद व्हावा म्हणून मी मनात हात जोडले, तोच जपायचा.

वाचाउपचाराच्या बाईंनी विचारलं, फोन नंबर कुठला लिहू? माझाच द्या म्हटलं. आमच्याकडे पेशंटच्या फोल्डरला घरच्या माणसाचा फोन नंबरच नाव म्हणून देतात. बाई नवीन आहेत, पण हुशार.

निघताना ताईंनी बजावलं, "मी असेपर्यंत माझा आवाज यंत्रातून ऐकायचा नाही. माझी शप्पथ आहे." असेपर्यंत म्हणजे काय हो, म्हटलं, मरायला चाललाय का? "आवाज असेपर्यंत गं, शहाणे!"

१४ मार्च, गुरुवार

आज वाचता वाचता मध्येच थांबल्या. वाक्य साधंच होतं — 'आई, मी आले.' बाई म्हणाल्या हे वाक्य सोडून द्या. पण सोडतील तर ताई कसल्या! चारदा म्हटलं. चौथ्यांदा नीट आलं.

घरी येताना रिक्षात स्वतःच बोलायला लागल्या. आपल्या नवऱ्याचं घर सोडून माहेरी आल्या तेव्हा सासूबाईंनी दार उघडलं, खोली दिली, आजारपणं काढली. फक्त बोलल्या नाहीत. एका घरात राहून शेवटपर्यंत नाही. सगळं माझ्यामार्फत. "सूनबाई, तिला सांग जेवायला ये." "सूनबाई, तिला सांग पंखा बंद कर." आणि ती समोरच बसलेली! मी आपली पोस्टमन.

"एवढं मोठ्यानं का बोलते मी, माहितीय?" ताई म्हणाल्या. "भिंतीशी बोलायचं तर मोठ्यानंच बोलावं लागतं. आईला आवाज होता गं. आवाज होता तरी बोलली नाही."

रडले मी. त्यांनीच मला रुमाल दिला आणि वर ओरडल्याही.

१८ मार्च, सोमवार

मशीनची मुख्य डिस्क भरत चालल्याची सूचना आली. अशी कशी? रेकॉर्डिंग तर नव्या डिस्कवर जातंय. जुन्या नोंदी साचल्या असतील. सवडीनं बघते.

२० मार्च, बुधवार

शेवटचं वाक्य झालं. आवाज पार घोगरा झालाय. बाईंनी टाळ्या वाजवल्या. ताई म्हणाल्या, "चला, सुटले बिचारे कान!"

२१ मार्च, गुरुवार

आज काय दिवस उगवला!

दुपारी वीज गेली. इलेक्ट्रिशियन आला, टेबलामागे शिरला आणि म्हणाला, "एका डब्याला तर करंटच नव्हता हो, प्लग लोंबत होता." कुठल्या डब्याला? "आता कसं सांगू? सगळंच काढून नीट लावलं." मशीन परत चालू झालं.

धावत जाऊन 'आवाज' उघडलं. डिस्क चढलेली. बाकी काही न बघता थेट माझ्या नंबराचं फोल्डर शोधलं, आहे. आत वाक्यं आहेत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही गाळलेलं नाही. तेव्हा कुठे श्वास सोडला. मन चिंती ते वैरी न चिंती!

फाइलींवरच्या तारखा तेवढ्या जुन्या दिसतायत. काही वर्षांपूर्वीच्या. मशीनच्या घड्याळाची बॅटरी मेली असणार, असं होतं कधीकधी. एक वाक्य लावून बघावं असं वाटलं. बोट ठेवलंही. पण शप्पथ.

२४ मार्च, रविवार

ताई सकाळपासून गप्प. मी म्हटलं, बोला की काहीतरी, आज तरी बोला! म्हणाल्या, "काय बोलू? सगळं तुझ्या पेटीत आहे."

संध्याकाळी त्यांनी मला माझ्या नावानं हाक मारली. नुसतीच. काय म्हटलं तर म्हणाल्या, काही नाही.

२५ मार्च, सोमवार

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. शुद्धीवर आल्यावर तोंड उघडलं, ओठ हलले. नुसती हवा.

नवरा खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

३ एप्रिल, बुधवार

घरात किती शांतता आहे! मला हवी होती ना? घे आता. काल ताईंच्या हातून भांडं पडलं तर मी केवढी खूश झाले.

पाटीवर लिहितात. अक्षर चिडकं. 'यंत्र कधी?'

९ एप्रिल, मंगळवार

बाईंनी प्रोग्राम चालवला. आवाज बांधून झाला. नमुन्याचं एक वाक्य त्यांनी ऐकलंय. "थोडा म्हातारा आलाय, पण घोगऱ्या गळ्यानं रेकॉर्ड केलं होतं ना, होतं असं." बरं म्हटलं.

म्हातारा. घरी येईपर्यंत हा एकच शब्द डोक्यात. आणि त्या तारखा. आणि लोंबणारा प्लग. नको! उगाच शंका काढायची खोड आहे मला.

१२ एप्रिल, शुक्रवार

आजचं आजच लिहून ठेवते.

संध्याकाळी यंत्र घरी आणलं. ताई टेबलाशी बसल्या, केस नीट विंचरून. जणू फोटो काढायचाय. नवरा समोर, मी पाठीशी उभी. ताईंनी टाइप केलं आणि बटण दाबलं.

"चहात साखर कमी आहे."

सासूबाई! सासूबाईंचा आवाज. 'कमी'वरचा तो हेल, शेवटी ओढलेला श्वास — सगळं तेच. नवऱ्याच्या हातातला कप बशीवर आदळला. "आई?" म्हणाला. एवढा मोठा माणूस, आणि लहान पोरासारखं "आई?" मग उठून आत गेला आणि आतून कडी लावली.

ताई हलल्या नाहीत. मी यंत्र उचलायला गेले तर माझ्या हातावर फटका मारला. पुन्हा टाइप केलं. "सूनबाई, तिला सांग जेवायला ये." तोच आवाज, तोच तोरा. ताई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही. कसं ते मला सांगता येत नाही.

माझ्यामुळे झालं. डोक्यात एका क्षणात सगळं उलगडलं. तिचा आवाज गेला, आणि मी तिच्या गळ्यात कुणाचा घातला!

१३ एप्रिल, शनिवार

सुट्टी असून गेले. यादी बघितली. 'सी.' माझ्याच हातचं.

रंगाऱ्यानं नव्या डब्याचा प्लग लावलाच नव्हता. मशीनला नवी डिस्क सापडली नाही, आणि मीच सांगून ठेवलेलं की अडून बसू नकोस. म्हणजे पेटी नव्हतीच. ताई रोज येऊन उघड्या कोनाड्यात बोलत होत्या. इलेक्ट्रिशियननं वायरी उलटसुलट लावल्या आणि 'सी' हे अक्षर जुनीला मिळालं. जुनी पेटी येऊन बसली कोनाड्यात, ताई झाकल्या गेल्या. आणि फोल्डरचं नाव दोघींचं एकच. माझाच नंबर दिला होता ना सासूबाईंच्या वेळीही!

जुनी डिस्क उतरवली. 'आवाज' उघडलं. दिव्याखाली अंधार — खाली सगळं होतं! मुख्य डिस्कवर, या मार्चच्या तारखांसकट. शप्पथ संपली होती. लावलं.

"आई, मी आले."

खुर्चीतच बसून राहिले. किती मोठा आवाज! मी ढसाढसा रडले. मग पहिल्यांदा तो कायमचा नंबर यादीत घातला. बाईंना फोन केला. त्यांनी एका शब्दानं बोल लावला नाही, म्हणाल्या, सोमवारी नवा बांधून देते.

१४ एप्रिल, रविवार

ताईंना सगळं सांगितलं. तुमचा आवाज सापडला म्हटलं, उद्या आणते, मला माफ करा. यंत्र उराशी धरून खोलीत गेल्या. नवरा म्हणाला, ते यंत्र घे तिच्याकडून. मी म्हटलं, तूच घे. गेला नाही.

१५ एप्रिल, सोमवार

खरा आवाज पेन ड्राइव्हवर घेऊन घरी आले. ताईंच्या खोलीचं दार लोटलेलं. आत टाइप करण्याची टकटक. मग सासूबाई —

"आलीस का गं बाळा? माझं चुकलं."

टकटक.

"माझं चुकलं."

टकटक.

"माझं चुकलं."

दारावर ठेवलेला हात काढून घेतला. पेन ड्राइव्ह अजून पर्समध्येच आहे.