जनरेटर बंद करायला कुणी सांगितलं

मामा, अल खर्जच्या त्या फार्मवर परवा जाऊन आलो. तोच फार्म, जिथल्या बॅटऱ्या माझ्या हलगर्जीपणाने मेल्या म्हणून मला परत पाठवलं होतं. तुला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, बायकामुलांसकट रियाधला राहतो, आणि त्या फार्मवरचा जुना इन्व्हर्टर बदलायचं काम नेमकं माझ्याच वाट्याला आलं. जाताना भीती वाटत होती. येताना नुसता राग होता. इतका राग मला कुणाचा आला नव्हता रे.

रियाधच्या बत्हा भागातली ती आपली खोली आठवते? तुझ्याच कंपनीचा व्हिसा तूच काढून दिलास, विमानतळावर घ्यायलाही तूच आलास. सुरुवातीलाच मी विचारलं, चार्जर एकदम फुल करंट देऊन मोकळा का होत नाही? तू शेगडीवर भात टाकत होतास. म्हणालास, "हे बघ, आधी मोठी आच. चार्जर झेपेल तेवढा करंट ढकलतो, व्होल्टेज चढत जातं, लाल दिवा. मग उकळी येते. आता आच बारीक करायची आणि झाकण ठेवायचं. व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचं, बॅटरी घेईल तसा करंट आपोआप उतरतो. हा पिवळा दिवा. ह्यात वेळ जातो, जाऊ द्यायचा. शेवटी हिरवा, म्हणजे व्होल्टेज खाली आणून नुसतं गरम ठेवायचं." मी झाकण उचलून बघायला गेलो तर हातावर चमचा मारलास. "उकळी आली म्हणजे भात झाला का, गाढवा? पिवळ्यावर सोडलंस तर बॅटरी आतून कच्ची राहते. रोज कच्ची राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, ते कडक होतं, आणि मग खलास." किती छान शिकवायचास तू! त्याचीच जास्त चीड येते.

फार्मवर सरकारी वीज नव्हती. दिवसा जनरेटर चालवून बॅटऱ्या भरायच्या, आणि तो बंद झाला की त्यांच्यावर औषधांचा फ्रिज आणि कामगारांच्या खोल्या चालवायच्या. चार्जरचं सेटिंग मी केलं, तू तपासलंस, पाठ थोपटलीस. ऐन उन्हाळ्यात सगळ्या बॅटऱ्या बसल्या आणि गुरांच्या लशी फ्रिजमध्ये वाया गेल्या. फार्मचा मालक आपल्या ऑफिसात येऊन ओरडत होता. मी उभा आहे, आणि तू सगळ्यांसमोर म्हणतोयस, "माझा सख्खा भाचा आहे, पण सेटिंग त्याचं होतं. मी पाठीशी घालणार नाही." वा रे वा! लोक तुझं कौतुक करत होते, माणूस असावा तर असा. माझ्या पासपोर्टवर फायनल एक्झिटचा, म्हणजे नोकरी संपवून देश सोडायचा शिक्का लागला. तुला खोटं म्हणायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. मला वाटलं, चुकलंच असेल माझं काहीतरी. अजूनही दुसऱ्याने केलेलं काम मी एकदा बघतो आणि स्वतःचं मात्र बघतच राहतो. बायको हसते, वेड लागलंय म्हणते.

परवा तिथला पंपवाला भेटला, पेशावरचा, दाढी पांढरी झालीय. मला ओळखलंच नाही त्याने. चहा देता देता मी सहज विचारलं, ह्या बॅटऱ्या इथे टिकत का नाहीत? तो म्हणाला, "पुराने टाइम में तो और जल्दी मरती थी, साहब. बड़ा इंजिनियर आके बोल गया था, पीली बत्ती आई कि जनरेटर बंद कर दो. मालिक डीज़ल का रोना रोता था ना. उसको खुश करना था, दूसरे फार्म का काम भी लेना था."

"कौनसा इंजिनियर?"

"वही, जिसने अपने भांजे को निकलवाया. बड़ा ईमानदार आदमी था."

चहा तसाच ठेवून उठलो मी.

नोकरी गेली त्याचं जाऊ दे, दुसरी मिळाली. पण आईने तुला फोन केला होता मामा, माझ्यादेखत. सख्ख्या धाकट्या भावापुढे ती रडली. म्हणाली, पोराने तुझं नाक कापलं, मला माफ कर. आणि तू ती माफी घेतलीस. "असू दे गं ताई, लहान आहे," म्हणालास. लाज नाही वाटली? त्यानंतर प्रत्येक भाऊबीजेला तुझ्यापुढे ती ओशाळीच राहिली. जाईपर्यंत तिला वाटत होतं, आपण वाढवलेलं पोर निष्काळजी निघालं.

मामीला सगळं सांगून टाकायचं म्हणून काल नाशिकला फोन लावला. तिने आधी जेवलास का विचारलं. मग म्हणाली, "ह्यांचा तुझ्यावर फार जीव रे. शेवटच्या दुखण्यात सारखं तुझंच नाव घ्यायचे." फार्मवर जायच्या आधी हे ऐकलं असतं तर मला रडू आलं असतं. काल नुसतं, "हो मामी, माहीत आहे," म्हणालो आणि मुलांच्या शाळेचं बोलत बसलो.

माझं नाव घेत होतास म्हणे. आई तेव्हा होती, मामा. दोन गल्ल्या पलीकडे, रोज तुझ्यासाठी पेज करून पाठवत होती. मला नको, तिला तरी सांगायचंस.

हे पाठवणार कुठे? तुझा म्हणून जो पत्ता आहे, तिथे मामी राहते. आणि खरं सांगू, तिला सांगितलं नाही ते तिची दया आली म्हणून नव्हे. फोनवर ती तुझं कौतुक करत होती, आणि मला ते ऐकावंसं वाटत होतं.