दिलेली वाक्यं खरी मानायची

१ ऑक्टोबर, मंगळवार

पंचवीसपैकी अकरा चुकले. आणि हे माझ्या परीक्षेचे प्रश्नसुद्धा नाहीत!

माझ्याबरोबर खोलीत राहणारी दिपाली जूनमध्ये रायपूरला वकिली शिकायला गेली आणि तिच्या प्रवेश परीक्षेच्या पुस्तकांचा ढीग खोलीत ठेवून गेली. मी तो रद्दीत घालणार होते. फोनवर म्हणाली, "फेकू नको. तुह्या एमबीएच्या पेपरात बी रीझनिंग असतेच नं. आमचे सवाल जास्त टेढे. यायच्यावर हात बसला का तुहे असेच सुटन."

टेढे तर टेढेच. एका शहरात दवाखाने वाढले, मग आजारी माणसं वाढली, म्हणून दवाखान्यांमुळे आजार वाढले – यात खोट कुठे? वाचताना हसू येतं आणि उत्तर चुकतं.

तिने एक नियमही सांगून ठेवलाय. "जे दिलं हाय ते खरंच मानाचं. त्याच्यावर डाउट नाही घ्याचा. त्यातून जे काढलं ते निघते का नाही, एवढंच पाहाचं."

बरं.

५ ऑक्टोबर, शनिवार

आज दिवसभरात मराठीत एक शब्द बोलले नाही. इथे परप्रांतात, जामुलच्या ऑफिसात हिंदी, बसमध्ये हिंदी, भाजीवालीशी हिंदी. हे लिहिलं तेवढंच.

१२ ऑक्टोबर, दसरा

बाहेर सगळे रावण बघायला गेलेले. दार वाजलं. खालच्या राधाकाकू, हातात आपट्याची पानं. घरमालकीण असून वर कधी आल्याचं आठवत नाही. त्यांच्याशी बोलायचं खातं दिपालीकडे होतं, मी जिन्यात मान हलवण्यापुरती.

सोनं दिलं, पाया पडले. मला काही सुचेना, म्हणून चहा ठेवला. काकूंनी पलंगावरचं पुस्तक उचललं. मुखपृष्ठावर तराजू.

"तू बी वकिलीच करून राहिली का, दिपालीसारखी?"

मी हो म्हणाले नाही. नाही, असंही म्हणाले नाही. खरं सांगायचं तर चार वाक्यं लागली असती: कोणती परीक्षा, मग ही पुस्तकं कशाला. चहा उतू जात होता. मग त्या म्हणाल्या, "बरं झालं. मले एक विचाराचं होतं."

त्यांच्या दिराने, देवरावने, आमगावजवळच्या गावात त्यांच्या हिश्श्याची धानाच्या शेतातली बांधी दाबून ठेवलीय. काका गेल्यापासून. द्यायचं नाव नाही.

मी ऐकून घेतलं. तासभर बसल्या. गेल्यावर कप धुताना लक्षात आलं, मी दोन कप धुतेय.

२० ऑक्टोबर, रविवार

काकू पुन्हा आल्या. आता दर दोन-चार दिवसांनी येतात, आणि रिकाम्या हाताने नाही. आज भरीत-भाकरी. "वकिलाले फी तं द्या लागते."

मी वहीवर दोन रकाने पाडले. देवराव काय म्हणतो, त्यावरून काकू काय काढतात. म्हटलं, "काकू, तो फोन उचलत नाही, म्हणजे बांधी द्यायची नाही, हे सिद्ध होत नाही. मध्ये एक गोष्ट गृहीत धरली तुम्ही." काकू कौतुकाने बघत राहिल्या. "कशी फाडफाड बोलते! मंग मी काय कराव?"

आता कायद्यातलं मला काय कळतंय! पण बोलत राहिले. लाज वाटली. मजाही आली.

आज पंचवीसपैकी सहा चुकले.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

तुमसरला घरी गेले नाही. अभ्यास आहे, असं आईला सांगितलं. अभ्यास आहेच. पण गेल्या दिवाळीत पराग म्हणाला होता, "किती दिवस येकटीच राहाशीन तिकडं?" आणि वहिनीने फोनमधले तीन मुलगे दाखवले होते. माझा भाऊ वाईट नाही. पण त्याला मी अडलेल्या कामासारखी दिसते.

शेजारच्या सगळ्या गच्च्यांवर दिवे. मी एक प्रश्न स्वतःच तयार केला. कुणी फोन करत नाही, म्हणून कुणाला आठवण येत नाही – यात काय गृहीत धरलंय? आठवण आली की माणूस फोन करतोच, हे. मग मी आज दिपालीला का नाही केला? आठवण तर आली होती.

उत्तर बरोबर. उपयोग शून्य.

काकूंनी खालून हाक मारली. त्यांच्या दारात पणत्या लावायला दोघी बसलो. देवरावचा विषय निघाला तेव्हा जरा बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिल्यांदा काकू म्हणाल्या होत्या, बांधी तळ्याजवळ आहे. आज म्हणाल्या कॅनॉलजवळ. आधी म्हणाल्या, काकांच्या तेरवीपासून देवरावचं तोंड पाहिलं नाही. आज म्हणतात, पोळ्याला आला होता. मी वहीत दोन्ही लिहून घेतलं आणि कंसात टाकलं – वय झालंय. दिलेलं ते खरं मानायचं.

काल ऑफिसात सर म्हणाले, "मैडम, एमबीए करके भी बिल ही बनाओगी." सगळे हसले, मीही हसले. घरी येऊन रडले, मग कढी खाल्ली. काकूंनी ठेवलेली होती.

८ डिसेंबर, रविवार

आज सांगणारच होते. काकू, मी वकील होणार नाहीये, ही पुस्तकं फक्त सरावाला. वाक्य पाठ केलं होतं.

त्या जिना चढून आल्या, गुडघा धरून जरा उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या, "आता देवरावचं पोट्टं बी मधात पडून राहिलं." मी वही उघडली.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही. मला त्यांना फसवायचं नाहीये. पण मी वकील नाही हे कळलं, तर त्या कशाला येतील? जिना चढून, गुडघा दुखत असताना, कुणाकडे? बिलं बनवणाऱ्या भाडेकरणीकडे? इथे रिसालीच्या वस्तीत माझ्याकडे येणारं दुसरं कुणी नाही. त्या यायच्या थांबल्या तर मी काय करेन, मला ठाऊक नाही.

परीक्षेनंतर सांगेन. नक्की.

२२ डिसेंबर, रविवार

पंचवीसपैकी एक चुकला. दिपालीला फोन केला, तिने उचलला नाही. मग खाली जाऊन काकूंनाच सांगितलं. त्यांनी गूळ दिला हातावर.

५ जानेवारी, रविवार

परीक्षा झाली. युक्तिवादाचे प्रश्न इतके सरळ आले की दोनदा वाचले, काही राहिलं तर नाही ना म्हणून. गणिताने थोडं रडवलं. पण होईल असं वाटतंय.

झालं तर जूनमध्ये इथून जायचं. याचीच तर वाट बघत होते. रायपूरच्या परीक्षा केंद्रावरून परतताना खिडकीत बसून आनंद शोधत होते आणि सारखं काकूंना काय सांगायचं तेच मनात येत होतं. एक तर वकिलीचं खोटं, वर हे जाणं.

या शनिवारी ऑफिसला सुट्टी आहे. शनिवारी सांगते.

११ जानेवारी, शनिवार

काकू भजनाला गेल्या होत्या. दुपारी फाटकाशी एक म्हातारे, खांद्यावर पोतं. "वयनी नाही का घरी? मी देवराव."

मी ताठ उभी राहिले. ते पोतं टेकवून म्हणाले, "नवा तांदूळ हाय, तिच्या बांधीचा. दर साली आणून देतो. तू वरची नूतन नं? कशी झाली एमबीएची परीक्षा?"

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत.

"वयनीच सांगते नं फोनवर. पोरगी येकटीच असते, बोलत नाही, जेवत नाही. म्हनून काहीतरी निमित्त काढून जाऊन बसते म्हने तिच्यापाशी."

पाणी पिऊन ते चारच्या गाडीने गेले.

संध्याकाळी काकू वर आल्या. पोतं त्यांनी पाहिलं असणार. मग मीच विचारलं, "बांधीचं काय झालं, काकू?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय होते? आता तं त्यानं विहीर बी धरली."

मी खुर्ची पुढे केली. म्हटलं, "बसा. पहिल्यापासून सांगा."