रिकामी पेटी का थरथरली

तीर्थस्वरूप आत्या,

भाचीचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? आतोबांनी कानाचं यंत्र लावायला सुरुवात केली, की अजून सोयीपुरतंच ऐकतात? टाइप केलेलं पत्र पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस, हल्ली माझं अक्षर फार घाईत असतं असं समज. (तूही पत्रं सुनेला सांगून लिहवून घेतेस, तेव्हा फिटंफाट.) मी मजेत आहे. म्हणजे परवापर्यंत होते. आता एका जागी बसवत नाही. एवढ्या चार ओळी लिहिताना नळ बंद आहे का, हे बघून आले. बंदच होता.

मागच्या भेटीत तू सगळ्यांसमोर विचारलंस, की इतकं शिकून उंदरांना थरथरायला लावतेस, त्यात मोठेपण ते काय? तेव्हा तोंडात घास होता, म्हणून आता सांगते. थरथरण्यात हाताचा दोष नसतो, हात बिचारा हुकमाचा ताबेदार. मेंदूच्या तळाशी, मान सुरू होते तिथे, पेशींचा एक छोटा पुंजका असतो. एरवी त्यातली प्रत्येक पेशी आपापल्या तालात पुटपुटत असते, त्यामुळे कुणाचंच फारसं ऐकू जात नाही. आमचं औषध टोचलं की त्या सगळ्या एका ठेक्यात बोलू लागतात. तो कालवा लहान मेंदूपर्यंत पोचतो, तिथून खाली हुकूम सुटतो आणि उंदीर मिशांपासून शेपटीपर्यंत हलायला लागतो. (आपल्या घरच्या बैठकीसारखंच. एकेकटा प्रत्येक जण शहाणा, पण सगळे एका सुरात बोलले की भिंती हादरतात.) हा पुंजका गप्प कसा करायचा ते उंदरात कळलं, तर उद्या माणसांच्या कामी येईल. संध्याकाळपर्यंत औषध उतरतं आणि उंदीर पोटभर खाऊन झोपतो, तेव्हा माझ्या नावाने हळहळू नकोस.

आता रामायण ऐक. आम्ही निम्म्या उंदरांना औषध टोचतो आणि निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे मला मुद्दाम सांगत नाहीत. मी फक्त उंदीर पेटीत ठेवायचा, पेटीखालची नाजूक पट्टी थरथर टिपते आणि पडद्यावर रेघ उमटते. पेटीच्या झाकणाची कडी मोडली आहे. नवी मागवली आहे, ती येतेच आहे. (वर्षभर येतेच आहे.) मध्यंतरी एक उंदीर उडी मारून आमच्या मॅडमच्या पर्समध्ये जाऊन बसला, तेव्हापासून मी झाकणावर डावा तळवा ठेवून बसते. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. प्रयोगशाळेत त्यांना सगळे 'करवत' म्हणतात. मी नाही म्हणत, मी फक्त मनात म्हणते. तर परवा करवतीने सगळ्या रेघा शेजारी शेजारी लावल्या आणि मिठाच्या पाण्याचे उंदीरही थरथरताना दिसले! मी बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं त्यांनी सगळ्यांदेखत म्हटलं. म्हणजे वर्षाचं काम पाण्यात आणि मी घरी.

माझी जी धावाधाव सुरू झाली ती विचारू नकोस. आधी संशय फ्रीजवर घेतला. तो बंद केला, तर सगळ्यांचं दूध नासलं. मग पंखा बंद केला, लोक घामाघूम झाले. मग लिफ्ट थांबवायला लावली, तर हिशेबखात्याचे थोरले साहेब मधल्या मजल्यावर अडकले. त्यांनी आतून जो थयथयाट केला, तो मात्र रेघेत कणभरही उतरला नाही. शेवटी मॅडम म्हणाल्या, रिकामी पेटी ठेव. मी ठेवली आणि सवयीने वर तळवा दाबून बसले, जणू आतलं रिकामेपण उडी मारून पळणार होतं. रेघ थरथरली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! ही इमारतच हलतेय, असं मी ओरडले. मॅडम पडद्याकडे बघतच नव्हत्या.

"हात काढ," त्या म्हणाल्या. रेघ सरळ. "ठेव." थरथर. "काढ."

कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. मॅडमनी अगदी मऊ आवाजात विचारलं, घरात आणखी कुणाला असं होतं का? (करवत मऊ बोलते तेव्हाच खरं घाबरावं.) मी म्हटलं, छे, आमच्याकडे सगळे खणखणीत. मग त्यांनी स्वतः झाकण सुतळीने बांधलं. हे आधी कुणालाच सुचलं नव्हतं. आता सगळं मोजमाप पुन्हा करायचं, नोकरी शाबूत. कारणही मला ठाऊक आहे. कॉफी फार झाली होती, झोप झाली नव्हती आणि माझं स्टूल एका पायाने लंगडं आहे. तेव्हा काळजीचं काही नाही.

आतोबांना नमस्कार, नातवंडांचे गालगुच्चे.

तुझी धडपडी भाची

ता. क. कॉफी सोडली, पोटभर झोपले, स्टूल बदललं. जेवायच्या सुट्टीत कुणी नसताना पेटीवर पुन्हा हात ठेवून पाहिला. मग उजवाही ठेवला. तोही तसाच.

आणखी ता. क. हे हाताने लिहितेय, वाचताना त्रास होईल. काल प्रयोगशाळेत मला कुणीतरी न विचारता अर्धाच कप चहा भरून दिला, आणि एकदम तू आठवलीस. घरात आम्ही सगळे तुला 'अर्धा कप' म्हणून चिडवतो. आम्हाला तो तुझा नखरा वाटायचा. अर्धा कप सांडत नाही, हे मला कपाची कड बघताना कळलं. पत्रं सुनेकडून का लिहवून घेतेस, तेही. मला भीती वाटतेय, आत्या. उंदराचं संध्याकाळी उतरतं, मला तर कुणी काही टोचलेलंही नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दोघींची. घरी हवं तर गुडघ्यांचं निमित्त सांग, पण ये. तिथून निघाल्यावर कुठेतरी बसून चहा घेऊ, काठोकाठ भरलेला. सांडला तर दोघींचा सांडेल. फडकं मी आणते.