सात वर्षांचा दाखला

चामराजपेट, बंगलोर
१२ ऑगस्ट १९६४

प्रिय बिंदू,

तू विचारलं होतंस, "अक्का, आपल्या कचेरीतली माझी सात वर्षं लष्कराच्या पगारात धरणार आहेत. मग तिथून नोकरीचा दाखला का येत नाही?"

दाखला मार्चमध्येच तयार झाला. टपालात घालायचं काम माझं होतं. मी तो माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवला. वाटलं, ती वर्षं धरली नाहीत तर तू चिडून लष्कर सोडशील, पुन्हा माझ्या शेजारच्या टेबलावर येऊन बसशील.

काल तुझ्या अण्णांनी त्यांना आलेलं तुझं नवं पत्र मला वाचून दाखवलं. "अक्का माझ्यासाठी साहेबांच्या मागे लागून दमली असेल. तिला सांगा, सरी, ठीक आहे, आता पुरे. दाखला नसला तरी मी इथेच राहणार." मला मान वर करवेना.

आज साहेबांना सांगितलं, दाखला माझ्याकडेच पडून होता. ते म्हणाले, "उशिराचं कारण लिहून द्या." मी 'नजरचूक' लिहिलं. दुपारी दाखला रजिस्टर्ड टपालानं गेला.

खरं कारण इथे लिहिलंय. हे पत्र पाठवायचा धीर मात्र होत नाही. तू मला दमलेलीच समज.

तुझी,
अनुसूयाक्का