भिंगात दोष नव्हता

रविवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. तुझी भावजय तुझी रोज आठवण काढते, विशेषतः माझी तक्रार करायची असली की. या वेळी अक्षर कोंबडीच्या पायांसारखं आलंय, रागावू नकोस.

माझं फोटोंचं वेड तसंच आहे. मागच्या महिन्यात तळ्यावर खंड्या चक्क हाताच्या अंतरावर बसला. मी बटण दाबत सुटलो. घरी येऊन पाहतो तर मागचं पान स्वच्छ आणि पक्षी धुरकट! सगळ्या फोटोंत तेच. हाताने फिरवायचं ते जुनं भिंग बिघडलं म्हणून दुरुस्तीला नेलं. दुकानदाराने समोरच्या पाटीचा फोटो काढून दाखवला, अक्षर न् अक्षर लख्ख. म्हणाला, "भिंगात काही दोष नाही, साहेब."

घरी हिला सांगितलं तर म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं!" मीही हसलो.

ऑफिसात एका इस्पितळासाठी औषधांच्या मात्रा काढणारा प्रोग्रॅम लिहितोय. आमचं काम तपासणारी मुलगी परवा माझ्या टेबलाशी आली आणि हळूच म्हणाली, "दादा, हे तुम्ही लिहिलंय? इथलं दशांशचिन्ह कुठे गेलं?" मी पडद्यावर पाहिलं. मला ते तिथे नसल्याचंही दिसेना. तिने पकडलं म्हणून बरं. नाहीतर कुणाच्या तरी लेकराला दहापट औषध गेलं असतं. तेव्हापासून हात की-बोर्डवर ठेवायची भीती वाटते.

ताई, मग मी एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. हिला सांगितलं, मीटिंग आहे. त्यांनी चौकटींचा कागद समोर धरला. कडेच्या रेघा सरळ होत्या, मधल्या विरघळल्यासारख्या.

"मधली नजर जातेय," डॉक्टर म्हणाले. "कडेची राहील."

"औषध?"

"हे थांबवणारं औषध अजून तरी नाही."

मी "बरं" म्हणालो. बाहेर येऊन बराच वेळ जिन्यात बसून राहिलो.

काल छोटीने नवा फ्रॉक घातला. "बाबा, माझा फोटो काढा ना!" काढला. तिने पाहिला आणि खिदळली, "बाबांनी माझं डोकंच कापलं!" तिला गंमत वाटली. मी पुन्हा कॅमेरा उचलला, नजर जरा बाजूला वळवली, तेव्हा कुठे तिचा चेहरा कडेला आला. अंधुक, पण आला. तो सोडवेना गं.

"काढा ना बाबा! मी किती वेळ हसू?"

हिला अजून सांगितलेलं नाही. रोज ठरवतो, आणि ती समोर आली की भाजीचंच बोलतो. फोन करू नकोस, ती जवळच असते. तू ये. आई गेल्याचं मला तूच सांगितलं होतंस, मांडीवर घेऊन, डोक्यावरून हात फिरवत. तसंच हिलाही सांग. माझ्याच्याने होत नाही.

आणि दारात आलीस की नुसती हसत उभी राहू नकोस. आधी हाक मार.

वाट पाहणारा तुझा
बारक्या